सहा पाय, तीन मोटारी

चालणारा रोबोट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माणसासारखा दोन पायांचा पुतळा येतो. पण चालण्याचा अभ्यास करायचा तर सुरुवात मुंगळ्यापासून करावी. आमच्या नेकनूरच्या शिवारात नुसत्या नांगरलेल्या रानातून सायकल ढकलत न्यावी लागते. मुंगळा मात्र तीच ढेकळं सहज पार करतो. चाकाला सलग वाट लागते, पायाला टेकण्यापुरती जागा पुरते.

भरभर चालताना मुंगळ्याच्या पायांचे दोन गट पडतात. डावीकडचा पुढचा व मागचा आणि उजवीकडचा मधला हा एक गट. उरलेले तीन पाय हा दुसरा. एक गट जमिनीवर असतो तेव्हा दुसरा हवेत. तीन दगडांच्या चुलीवर भांडं डुगडुगत नाही, तसंच हे! टेकलेल्या पायांचा त्रिकोण होतो आणि गुरुत्वमध्य त्या त्रिकोणात असेपर्यंत शरीर कलंडत नाही. चार पायांपैकी एक उचलला तरी त्रिकोण उरतो, पण त्याआधी गुरुत्वमध्य त्या त्रिकोणात सरकवावा लागतो. २०१९ च्या रोबोकॉन स्पर्धेत चार पायांचा रोबोट करायचा होता, तेव्हा विद्यार्थ्यांपुढे हाच प्रश्न होता.

कोळ्याची गंमत आणखी वेगळी. आठ पाय तो चार-चारच्या गटांनी टाकतो. शिवाय त्याच्या पायातल्या काही सांध्यांना ताठ करणारा स्नायूच नसतो. तिथे शरीरातल्या द्रवाचा दाब काम करतो. डंपिंग ट्रॉली उचलणारा जॅक आठवा. म्हणूनच मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले दिसतात. दाब गेला की ताठपणा गेला.

एमआयटीमध्ये रॉडनी ब्रूक्स यांनी १९८९ साली 'गेंगिस' हा सहा पायांचा रोबोट चालवून दाखवला. वजन साधारण एक किलो, प्रत्येक पायाला दोन अशा १२ मोटारी. सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक मोठा मेंदू त्यात नव्हता. छोटे छोटे नियम एकावर एक रचले होते, त्यातूनच चाल तयार झाली.

आता आपल्या खिशाचं बोलू. १२ मोटारींचा हिशोब पाहून बरेच जण प्रोजेक्टचा विषयच बदलतात. पण तीन सर्व्हो मोटारींतही भागतं. डावीकडचे पुढचा-मागचा पाय सळईने जोडून एका मोटारीला द्या, उजवीकडचे दुसरीला. मधले दोन पाय एकाच जाड तारेचे करून तिसरीला लावा. तिसऱ्या मोटारीने उजवा मधला पाय खाली दाबला की रोबोटची उजवी बाजू उचलली जाते, म्हणजे मुंगळ्याचा त्रिकोण तयार! मग डावी मोटार टेकलेले पाय मागे रेटते, शरीर पुढे सरकतं. त्याच वेळी उजवी मोटार हवेतले पाय पुढे आणते. नंतर बाजू बदलायची.

हा रोबोट ढेकळं पार करणार नाही, लॅबच्या फरशीवर चालेल. पण आधी चालू तर द्या! सुधारणा करायला पुढचं सेमिस्टर आहेच.