स्वाध्याय आणि साक्ष

धरणगाव, जि. जळगाव

चि. ताई हिस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. अकरावीच्या विज्ञान शाखेत गेल्यापासून प्रयोगशाळेचे दार क्वचितच उघडलेले दिसते, खासगी शिकवणीची फी अक्काच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि हातातल्या मोबाइलवर मात्र शास्त्राची असंख्य पाने रात्रंदिवस फुकट वाचावयास मिळतात. अशा स्थितीत त्या पानांच्या आधारे आपले आपण विज्ञान शिकता येईल काय, अशी तुझी पृच्छा आहे. शिकता येईल, हे उत्तर मी प्रथमच देऊन टाकतो. परंतु त्यास काही अटी आहेत, आणि त्यांचा खुलासा न करता नुसता होकार कळविणे वडीलधाऱ्या माणसास शोभणार नाही.

गुरूच्या सान्निध्यावाचून शास्त्र शिकण्याची धडपड आपल्याकडे नवी नाही. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचे नाव तू ऐकले असशील. छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्रांमुळे ज्यांची कीर्ती विलायतेत आणि अमेरिकेत पोहोचली, त्या या गृहस्थांनी यंत्रविद्येचे धडे घेतले ते ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकाच्या अंकांतून. पुढे १९२८ साली ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले, १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि आडगावच्या जिज्ञासूलाही मायबोलीतून शास्त्र वाचण्याची सोय होऊ लागली. त्या पिढ्यांना वाचनसामग्री दुर्मिळ होती. म्हणून हाती आलेला एकेक अंक कोपरे झिजेपर्यंत वाचला जाई आणि त्यातील आकृती वहीत उतरवून घेतली जाई. तुझी अडचण नेमकी उलट आहे. तुला एका प्रश्नाला शंभर उत्तरे मिळतात, आणि एकही पुरते न वाचता पुढच्याकडे वळण्याचा मोह होतो. यासाठी माझी पहिली अट अशी, की मोबाइल उघडण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात वहीत लिहावा, पाठ्यपुस्तकातील संबंधित प्रकरण समोर ठेवावे, आणि त्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्या विषयास हात घालू नये.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातील खिरोदा येथे, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७०च्या दशकात ग्रामीण शाळांतील विज्ञानाचे अध्यापन सुधारण्याचा प्रकल्प चालविला होता. खेड्यातील मुलांना शास्त्र झेपत नाही, ही सबब तेव्हा सर्रास पुढे केली जात असे. परंतु मुलाला अडते ते पुष्कळदा शास्त्रापाशी नव्हे तर पुस्तकातील अवघड भाषेपाशी, हे या केंद्रातील अभ्यासकांनी आपल्या लेखनातून आग्रहाने मांडले. तेव्हा इंग्रजी पान डोक्यावरून गेले तर आपली बुद्धी मंद आहे असा ग्रह करून घेऊ नकोस. आधी मराठी विश्वकोशातील नोंद वाच. तो आता मोबाइलवर विनामूल्य वाचता येतो, आणि त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे आपल्या खानदेशातील पिंपळनेरचे, हे तुझ्या गावीही नसेल. ती नोंद उमगली की मग इंग्रजी पानाकडे जा, आणि दोन्ही भाषांतील संज्ञा वहीत शेजारी शेजारी मांड. कल्पना एकदा मराठीत पक्की बसली, म्हणजे इंग्रजी शब्दांचे भय आपोआप ओसरते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पानावरील प्रत्येक विधान म्हणजे कोर्टात दिलेली एक जबानी आहे असे समज, आणि मुन्सफाच्या खुर्चीवर तू स्वतः बसलेली आहेस हे विसरू नकोस. जबानी कोणी दिली, केव्हा दिली, साक्षीदाराने ती गोष्ट प्रत्यक्ष पाहिली की केवळ ऐकली, आकडा सांगितला तो कोणत्या एककात, त्याचा दाखला कोठे आहे, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून ती दप्तरी दाखल करू नये. तेच वाक्य शुद्धलेखनाच्या त्याच चुकीसह दहा ठिकाणी आढळले, तर ते दहा साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराच्या त्या दहा नकला होत. प्रश्न टाकताच क्षणार्धात ऐटबाज उत्तर रचून देणारी जी यंत्रे अलीकडे निघाली आहेत, त्यांनाही हाच शिरस्ता लागू कर. कारण अस्खलित बोलतो तो साक्षीदार खराच असतो, असा कायदा अजून कोठे झालेला नाही.

अशा उलटतपासणीत साक्षीदाराच्या थोरवीचीही भीड धरू नये. समुद्राचा निळा रंग हे आकाशाच्या निळाईचे प्रतिबिंब होय, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञाने म्हटले होते. १९२१ साली विलायतेहून बोटीने परत येताना चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी निकोल लोलकाच्या साहाय्याने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवून पाहिला, आणि तरीही समुद्र निळाच दिसतो हे ध्यानात येताच त्या निळाईचे मूळ पाण्यानेच केलेल्या प्रकाशाच्या विकिरणात शोधले. त्या वाटेने चालताना १९२८ साली जो परिणाम त्यांना गवसला, त्यास आज त्यांचेच नाव आहे.

रामन यांच्याजवळ निकोल लोलक होता. तुला अंगणातील एक काठी पुरे. ‘दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो’ हे वाक्य तुला कित्येक पानांवर सापडेल. सपाट, समतल जागी एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंबा लावून उभी कर आणि साडेअकरापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीचे टोक खडूने नोंदवीत जा. सर्वांत आखूड सावली बाराच्या ठोक्याला पडत नाही, हे तुझे तुलाच दिसेल. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या वेळेने चालते आणि आपले गाव सुमारे सव्वापंचाहत्तर अंशांवर वसले आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपली खरी मध्यान्ह जवळजवळ २९ मिनिटे मागे पडते. मेच्या अखेरीस सूर्य मध्यम वेळेच्या तीनेक मिनिटे पुढे असतो, ती वजा घातली म्हणजे १२ वाजून २५-२६ मिनिटे ही वेळ येते. त्यातही सूर्य खरोखर माथ्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, मेच्या २५-२६ तारखेस आणि जुलैच्या १७-१८ तारखेस, कारण आपला अक्षांश सुमारे २१ अंश आहे. आणि जुलैतल्या त्या दिवशी आभाळ भरून असण्याचा संभव अधिक, म्हणून मे महिनाच धरावा. २१ मार्चला मध्यान्हीची सावली सुमारे ३८ सेंटिमीटर भरेल आणि २२ डिसेंबरला सुमारे ९८, म्हणजे जवळजवळ काठीएवढी. त्या ३८ सेंटिमीटरांवरून त्रिकोणमितीचे कोष्टक घेऊन गावाचा अक्षांश काढून पाहा. पानावरील विधान पूर्ण खोटे नव्हते, केवळ ढोबळ होते. परंतु ते कोठे आणि किती ढोबळ आहे हे तुला कळले, आणि शास्त्राचा अभ्यास म्हणतात तो एवढाच.

ही विद्या आपल्या मातीला परकी नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत शंकूच्या सावलीचे स्वतंत्र प्रकरण आहे. आणि त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख तेथे उपलब्ध झालेला आहे.

जेथे साहित्याची वानवा आहे तेथे पानांचा उपयोग खुशाल कर. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही प्रतिरूपे मराठीतही आहेत, त्यांत विद्युत्‌मंडल जोडून पाहता येते. परंतु त्या मंडलात तार कधी सैल होत नाही आणि टोकावर गंज चढत नाही, म्हणून त्यानंतर टॉर्चचा सेल, बल्ब आणि तारेचा तुकडा घेऊन तेच मंडल हाताने जोड. बल्ब न लागला तर का लागला नाही हे शोधून काढण्यात जे पदरी पडेल, ते पडद्यावर मिळणार नाही. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करावयाच्या प्रयोगांचा आणि मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह खुला आहे, तोही हाताशी ठेव. आम्ल, उच्च दाबाची वीज, ज्वालाग्राही द्रव्ये यांचे प्रयोग मात्र पान पाहून घरी करण्यास माझी सक्त मनाई आहे. त्यासाठी प्राध्यापकांची गाठ घे आणि प्रयोगशाळा उघडण्याविषयी चार मुलींच्या सह्यांचा रीतसर अर्ज दे. स्वाध्यायामुळे शिक्षक अनावश्यक ठरत नाहीत. त्यांच्यापुढे नेमका प्रश्न घेऊन जाण्याची योग्यता तेवढी अंगी येते.

शेवटी वहीविषयी. डाव्या पानावर प्रश्न, तारीख आणि कोणत्या पानाने काय सांगितले ते लिहावे. उजव्या पानावर आपण स्वतः काय मोजले आणि काय ठरविले ते लिहावे. महिनाअखेर उजवी पाने कोरी राहिलेली आढळली, तर महिनाभर केवळ वाचन झाले, अभ्यास झाला नाही, असा निष्कर्ष निःसंकोच काढावा आणि पुढील महिन्यात वाचनाचा वेळ निम्म्यावर आणावा. पहिल्या महिन्याची वही मला टपालाने पाठव. चुका दुरुस्त करून नव्हे, जशी असेल तशी पाठव.

अक्कास माझा शिरसाष्टांग नमस्कार सांग. प्रकृतीस जपून असावे. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा,
मामा