भरलेली गाडी सपाट उभी राहायला हवी

महाडहून पोलादपूर, तिथून आंबेनळी चढून महाबळेश्वर, नाहीतर कशेडी ओलांडून खेड. माझी पिकअप याच पट्ट्यात फिरते. जाताना सिमेंट, पत्रे, तांदळाची पोती. वरून येताना भाजी नाहीतर स्ट्रॉबेरीचे क्रेट. इथे सरळ सपाट रस्ता थोडा, वळणं आणि चढउतारच फार. भरलेली गाडी मागून बसली की तिचं नाक वर होतं, स्टिअरिंग हलकं पडतं, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि उतारावर ब्रेकचा भरवसा राहत नाही. म्हणून पाट्यांकडे मी इंजिनाइतकंच लक्ष देतो. या कामात जे पक्कं कळलं ते पिकअप, छोटा हत्ती, ईको चालवणाऱ्यांसाठी मांडतो.

१. रिकामी गाडी मागून उंच असते, ती तशीच राहू द्या

मालगाडीचे मागचे पाटे वजन गृहीत धरूनच बनवलेले असतात. हौद्यात माल पडला की मागची बाजू खाली येते आणि गाडी सपाट होते. नवी गाडी घेतल्यावर मागचा उंचवटा डोळ्यांना खुपतो म्हणून काही जण एखादा पाटा काढून टाकतात. रिकामी असताना सपाट दिसणारी मालगाडी भरल्यावर मागे झुकणारच. गाडीची उंची ठरवायची ती नेहमीच्या वजनावर.

२. आधी टेप, मग पाना

नजरेने पाहून पाट्यांचं काम काढू नये. पेट्रोल पंपासारखी सपाट काँक्रीटची जागा बघावी, चारही टायरांत सांगितलेली हवा भरावी, गाडी थोडी पुढेमागे करून पाटे सैल होऊ द्यावेत. मग चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या किंवा हौद्याच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजून वहीत लिहावं. सिमेंटचं पोतं ५० किलोचं, त्यामुळे वजनाचा हिशेब सोपा. १० पोती ठेवून मोजायचं, आणखी १० ठेवून पुन्हा मोजायचं.

या वेळी गाडीखाली वाकून बघा. पहिल्या पोत्यांना गाडी भराभर खाली येते. मग वरचा हेल्पर पाटा आपल्या टेकूला लागतो आणि तिथून पुढे गाडी हळूहळू बसते. हेल्पर अर्ध्या वजनालाच टेकून पूर्ण ताणला जात असेल तर खालचे पाटे थकले आहेत. चासीखालचा रबरी स्टॉपर आणि एक्सेल यांच्यात भरल्यावरही मोकळी जागा उरली पाहिजे. ती संपली की प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट चासीला बसतो, आणि पावसाळ्यात आपल्या महामार्गावर खड्ड्यांना तोटा नसतो.

३. पाट्यांना दोष देण्याआधी माल कुठे ठेवला ते बघा

मागच्या एक्सेलच्या मागे ठेवलेलं वजन पुढची चाकं उचलतं. लांब पत्रे आणि सळ्या फाळक्याबाहेर गेल्या की हेच होतं, आणि आंबेनळीच्या चढावर ते जास्तच जाणवतं, कारण चढावर वजन आपसूक मागे सरकतं. जड माल केबिनच्या पाठीला, हलका फाळक्याकडे, हा नियम मी मोडत नाही. वजनकाट्यावर गेलात की आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं. पुढच्या एक्सेलवर रिकाम्या गाडीपेक्षाही कमी वजन आलं तर माल पुढे सरकवा. अनेकदा एवढ्यानेच गाडी सपाट होते, पाट्यांना हात लावावा लागत नाही.

४. शॉकअप वजन उचलत नाही

गाडी मागून बसली की शॉकअप बदलायला धावणारे खूप. वजन पाटे किंवा स्प्रिंग उचलतात. शॉकअप फक्त त्यांची उसळी आवरतं. नवीन शॉकअपने गाडी हेलकावे खायची थांबेल, उंची मात्र जवळपास तेवढीच राहील. ऑइल गळत असेल तर ते बदलाच, पण गाडी उचलली जाईल या आशेने पैसे घालू नका.

५. पाटा वाढवल्याने पासिंग वाढत नाही

"दादा, एक पाटा वाढवू का?" हा प्रश्न प्रत्येक गॅरेजात कानावर पडतो. पाटा वाढला तरी एक्सेल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. आरसी बुकावरची क्षमता किलोभरही वाढत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पासिंगच्या आतल्या वजनावर गाडी बसत असेल तरच पाट्यांचं काम करावं. पासिंगबाहेरच्या वजनासाठी केलेलं काम घाटात जीवावर बेतू शकतं.

६. पाट्यांचं काम जोडीने आणि सावकाश

डावा पाटा तुटला तरी उजवी बाजू उघडून बघावी. एकीकडे नवा आणि एकीकडे थकलेला पाटा असला की गाडी कुशीवर कलते. जुने पाटे ठोकून पुन्हा कमान देता येते, ते स्वस्तही पडतं, पण ती कमान फार काळ टिकत नाही. गॅसने तापवून कमान देऊ पाहणाऱ्याला तिथेच थांबवा. त्याने पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा लवकर बसतो किंवा मोडतो.

यू-बोल्ट नवे घ्या आणि काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळून घ्या. यू-बोल्ट ढिला राहिला की सेंटर बोल्ट कापला जातो, एक्सेल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालते. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावर. गाडी जॅकवर लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश पिळवटलेला राहतो आणि लवकर फाटतो.

जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये असंख्य गाड्या चिखलात बुडाल्या. त्यानंतर अनेकांनी इंजिन धुतलं, सीट वाळवल्या, पाटे तसेच ठेवले. पाट्यांमध्ये अडकलेला गाळ गंज धरतो, पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात आणि मग मोडतात. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचे पाटे सुटे करून घासून बसवलेच पाहिजेत.

७. उंची बदलली की ब्रेकची दांडी तपासा

हा सगळ्यांत मोलाचा धडा, आणि सगळ्यांत दुर्लक्षित. बऱ्याच पिकअप आणि व्हॅनना चासी व मागचा एक्सेल यांच्यामध्ये एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग असते, ती एका व्हॉल्व्हला जोडलेली. माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत तो दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत.

आता पाटे वाढवून मागची बाजू उचलली, तर पूर्ण भरलेली गाडीही या व्हॉल्व्हला अर्धी रिकामी वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि आंबेनळीवरून पोलादपूरला उतरेपर्यंत ते तापून निकामी व्हायला लागतात. गाडी खाली बसवली असेल तर उलटं घडतं. रिकाम्या गाडीलाही मागे जादा दाब मिळतो आणि ओल्या रस्त्यावर तिचं मागचं अंग फिरतं. उंचीचं कोणतंही काम झालं की ही दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा लावून घ्या. मिस्त्रीने स्वतःहून सांगितलं नाही तरी विचारा.

८. खाली बसवलेली व्हॅन

हौसेने स्प्रिंग कापून व्हॅन खाली बसवणारे आपल्याकडेही आहेत. कापलेली स्प्रिंग कडक होते. ८ वेढ्यांचे ६ केले तर कडकपणा एक तृतीयांशाने वाढतो. तरी खाली जायला जागाच कमी उरते, आणि गणपतीला मुंबईहून घरची सगळी माणसं, बॅगा, मखराचं सामान घेऊन आलेली व्हॅन स्टॉपरवर टेकते. चाक हवेत लटकलं तर आखूड स्प्रिंग आपल्या जागेवरून निसटूही शकते. अशी गाडी विकत घेतली असेल तर मूळ मापाच्या स्प्रिंग परत बसवणं सगळ्यांत चांगलं. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला कायद्याचं कलम ५२ तसंही मनाई करतं. स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर गाडी थोडी सावरतात, पण कापलेल्या स्प्रिंगचा दोष त्यांनी जात नाही.

९. शेवटी दिवे

पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असलेली गाडी मागून ५ सेंटीमीटर जास्त बसली, तर २५ मीटरवर तिचा उजेड ४० सेंटीमीटरच्या आसपास वर जातो. पावसाळी धुक्यात आपल्याला पुढचा रस्ता दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. गाडीत दिव्यांची उंची बदलण्याचं बटन असेल तर भरल्यावर ते वापरा. नसेल तर नेहमीच्या वजनावर भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे लावून घ्या.

पावसाळा लागण्याआधी अर्धा दिवस काढा. गाडी तुमच्या नेहमीच्या मालाने भरा, टेप घ्या, चारही कोपरे मोजा आणि आकडे मिस्त्रीच्या हातात द्या. गॅरेजात रिकामी गाडी उभी करून पाट्यांचं काम सांगू नका. घाटात समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसांचा जीवही तुमच्या पाट्यांवर आणि ब्रेकवर अवलंबून असतो.