शस्त्रक्रियेपूर्वी लसिकाग्रंथींचा वेध

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले की सिंदेवाही परिसरातील बहुतेक नातेवाईक एकच विनंती करतात : ‘पिशवी लवकर काढून टाका.’ तपासण्यांसाठी नागपूरला जाणे त्यांना कालहरण वाटते. धान रोवणीच्या दिवसांत तर दोन दिवसांची मजुरी बुडणेही जड जाते. तरीही आम्ही त्यांना थांबण्याची विनंती करतो. तिचे कारण देणगीदारांस व कुटुंबीयांस ठाऊक असावे, म्हणून हे लेखन.

पायात काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते. तेथे सुजते ती लसिकाग्रंथी. गर्भाशयमुखातील कर्करोगाच्या पेशीही लसिकावाहिन्यांच्याच वाटेने निघतात. मात्र त्या प्रथम ओटीपोटातील खोल ग्रंथींत पोहोचतात व तेथून वर, पोटातील मुख्य धमनीलगतच्या ग्रंथींत. ही वाढ सहसा हाताला लागत नाही, दुखतही नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार या ग्रंथी बाधित असल्यास, मूळ गाठ लहान असली तरी, रोगाची अवस्था तिसरी धरली जाते.

अशा रुग्णेस शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारही बहुधा घ्यावेच लागतात. एकाच देहावर दोन मोठे उपचार होतात. इटलीतील ३४३ स्त्रियांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया व किरणोपचार या दोन्ही गटांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ८३ टक्केच होते. तीव्र दुष्परिणाम मात्र पहिल्या गटात २८ टक्के व दुसऱ्यात १२ टक्के. पहिल्या गटातील बहुसंख्य स्त्रियांना नंतर किरणोपचार द्यावे लागले होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोठ्या वा किंचित पसरलेल्या गाठींसाठी औषधांसह किरणोपचार घेतलेल्या ७६.७ टक्के स्त्रिया पाच वर्षे रोगमुक्त राहिल्या. आधी औषधे व मग शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ६९.३ टक्के होते.

मग ग्रंथींचा अंदाज कसा घेतात? गाठ चार सेंटिमीटरांहून मोठी आहे काय, ती किती खोल गेली, तुकड्याच्या तपासणीत रक्त वा लसिकावाहिन्यांत पेशी दिसल्या काय, हे आधी पाहतात. एमआरआय वा सीटी स्कॅनमध्ये ग्रंथीची रुंदी एक सेंटिमीटरहून अधिक दिसल्यास संशय बळावतो. पण क्षयरोगानेही ग्रंथी वाढते, आणि लहान ग्रंथीतही सूक्ष्म रोग दडलेला असतो. पेट-सीटी अधिक नेमकी, तरी अगदी बारीक ठिपका तिलाही दिसत नाही. आम्हा हिशेबनीसांच्या भाषेत ही अंदाजपत्रकाची बाब आहे, ताळेबंदाची नव्हे.

याहून दुःखद प्रकार म्हणजे अंगावरून पांढरे जाते म्हणून कोठेतरी तपासणीविनाच पिशवी काढली जाते आणि कर्करोग नंतर त्या पिशवीत सापडतो. अशा वेळी तपासणीच्या काचा व मेणाचे ठोकळे नातेवाइकांनी मागून घेऊन जपून ठेवावेत. नागपूरचे डॉक्टर प्रथम तेच मागतात.