फेस येतोय म्हणजे मळ निघतोय?

बुकिंग करतानाच मी लिहून दिलं होतं: हॉल आणि देवघर मार्बल, बाकी टाइल्स. फोनवरही सांगितलं होतं. त्यामुळे "मॅडम, तुम्ही आधी सांगायला हवं होतं" हे त्या सुपरवायझरचं वाक्य आठवलं की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

नवरात्राआधीची साफसफाई होती. एजन्सी वन्संनी सुचवलेली, म्हणून घरात या विषयावर फारसं कोणी बोलत नाही. मी स्वयंपाकघरात होते. संडास धुवायच्या अ‍ॅसिडचा तो नाकात शिरणारा वास चक्क हॉलमधून यायला लागला. बाहेर येऊन बघते तर एक पोरगा देवघरासमोर ब्रशने अ‍ॅसिडचं पाणी पसरतोय आणि फरशीवर फस्सकन पांढरा फेस उठतोय. "बघा, मळ कसा निघतोय!" सुपरवायझर कौतुकाने म्हणाला.

तो मळ नव्हताच. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर अ‍ॅसिड पडलं की दगड विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे ते बुडबुडे. माझी फरशी माझ्यादेखत विरत होती आणि वर मला ती शाबासकी ऐकवली जात होती! लगेच बादल्या ओतायला लावल्या. ओली होती तोवर फरशी झकास दिसली. वाळली तेव्हा खिडकीच्या उजेडात ब्रश जसा फिरला तसे पांढुरके फटकारे उमटले. बोट फिरवलं, तर आजूबाजूला गुळगुळीत आणि फटकाऱ्यावर खरखरीत.

मग सुरू झालं: "हे जुनेच डाग", "तुमचा मार्बलच हलका आहे". आमचा मार्बल मकरान्याचा, ताजमहालाचा पांढरा दगड आला तिथला. आणि अ‍ॅसिडपुढे भारी मार्बल काय नि हलका काय! माळ्यावर उरलेला तुकडा होता, तो काढून त्याच्याच बाटलीतला थेंब त्याच्यासमोर टाकला. फसफसला. "ऑफिसशी बोलतो" म्हणून साहेब जिन्यात गेले, ते नंतर बिल मागायलाच उगवले. मी बाथरूमचे तेवढे पैसे दिले.

तर ज्यांच्याकडे मार्बल आहे त्यांच्यासाठी. बाटलीवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लिहिलं असेल तर ती हॉलमध्ये येता कामा नये, आणि तिच्यात ब्लीच तर कुठेच मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. पण नुसत्या बाटल्यांवर डोळा ठेवून भागत नाही. लिंबू, व्हिनेगर, चिंच, कोकम, दही, सगळी आम्लंच. पंचामृताचा अभिषेक ताम्हनात करा. चिंच लावून तांब्या-पितळेची भांडी मार्बलवर बसून घासू नका. "घरगुती उपाय" म्हणून व्हिनेगर सुचवणाऱ्यांना तर माझा कोपरापासून नमस्कार.

रोजची फरशी आधी कोरडी झाडायची, मग पुसायची. वाळूचा कण मार्बलपेक्षा बराच कठीण असतो, ओल्या फडक्याखाली तो चरे पाडतो. दाराशी पायपुसणं हवंच. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब पुरतात, पण त्यात लिंबू-व्हिनेगर नाही ना, हे लेबलवर बघा. नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडं करा, नाहीतर साबणाचा थर बसून पुन्हा मंद दिसतं.

समईखाली तेल मुरलं असेल तर खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप द्या, प्लास्टिकने झाका आणि रात्रभर राहू द्या. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या, वाळतानाच तो तेल ओढतो. एकदा देऊन भागेलच असं नाही. पुरातत्त्व खातं ताजमहालाला मुलतानी मातीचा लेप देतं, तोही याच जातीचा प्रकार. हळदीचा डाग उन्हात फिका होतो. कुंकवाचं मात्र अवघड आहे, लगेच टिपा.

फटकारे लेपाने जात नाहीत, कारण तो डाग नव्हे, तिथे दगडच झिजलेला असतो. त्याला पॉलिशच लागतं: आधी जाड, मग बारीक डायमंड पॅड. सीलर विकणारे काहीही सांगोत, तेल-पाणी मुरणं त्याने लांबतं, लिंबाचा ओरखडा थांबत नाही.

काम द्यायच्या आधी फोटो काढून ठेवा, कुठली बाटली कुठे वापरणार ते मेसेजवर लिहून घ्या, आणि ओळखीच्यांनी सुचवलं म्हणून गप्प बसू नका. पॉलिशवाल्याशीही सगळं आधीच बोला. मोठं मशीन देवघराच्या कोपऱ्यात आणि उंबऱ्याशी पोचत नाही, तिथे हाताने घासावं लागतं आणि त्याचे पैसे तो मागाहून वेगळे लावतो.