खतं बुडणार नाहीत अशी लिही

चि. मृणाल हिस,


लहान व्यावसायिकांना कर्ज देणारी वित्तसंस्था काढण्याचा तुझा आराखडा दोनदा वाचला. रिझर्व्ह बँकेची नोंदणी, दहा कोटींचा स्वनिधी, शाखा, माणसं, सगळं नीट मांडलं आहेस. खटकलं ते एकच. पाच वर्षांच्या तक्त्यात दरवर्षी मोठ्या अक्षरांत वाढत जाणारा एकच आकडा आहे, तो कर्जवाटपाचा. किराणा दुकानदाराला गिऱ्हाईक मिळवावं लागतं, पण माल विकून पैसे गल्ल्यात पडले की तो मोकळा होतो. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक आपण होऊन येतं, आणि ज्याला बाकीच्यांनी परत पाठवलं तो रांगेत सर्वांत पुढे असतो. माल देऊन झालेला असतो, किंमत मात्र दोन-तीन वर्षं यायची असते. त्या मधल्या काळात आपली खरी मालमत्ता तिजोरीत नसते, तारणाच्या कागदातही नसते. कर्जदार आपल्या पायांवर उभा राहतो की नाही, यावर ती अवलंबून असते. उद्योजक म्हणून तुला शिकायचं आणि प्रमुख म्हणून हाताखालच्यांना शिकवायचं ते एवढंच आहे. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, पुरावा बघ.

पहिला पुरावा आपल्याच मुलखातला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडले. कापसाच्या एकरामागे शंभर-शंभर रुपयांची उचल मिळू लागली. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव उतरले आणि तीच पेढी दार लावून बसली. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. 1859 च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती, ती व्याज साचू नये म्हणून. सावकारांनी त्यावरही तोड काढली. दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी वह्या आणि रोखे जाळले, आणि दंगा पुणे-नगरच्या गावागावांत पसरला. लक्षात घेण्यासारखं हे की लोकांनी माणसांच्या जिवापेक्षा कागदांवर राग काढला. चार वर्षांत, 1879 मध्ये, कायदा आला आणि रोख्यामागचा सगळा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. म्हणजे कागदावर जिंकलेल्या सावकाराचा कागदच निकामी झाला. या प्रकरणात सावकाराला नुसता लोभी म्हणणं सोपं आहे. धंद्याच्या नजरेने बघितलं तर त्याची चूक आणखी साधी होती : तेजीत परतफेडीची कुवत न बघता दिलं, आणि मंदीत थकबाकी व्याजाखाली झाकली. आज आपण त्यालाच ‘नवं-जुनं’ म्हणतो. जुनं खातं नव्या कर्जाने बंद करायचं आणि वसुलीचा तक्ता स्वच्छ दाखवायचा. तुझ्या संस्थेत पहिलं नवं-जुनं होईल त्या दिवशी सुप्याची आठवण ठेव.

तू म्हणशील, आम्ही तारण घेऊ, मग भीती कसली? त्याचं उत्तर ब्रह्मदेशात आहे. तमिळ मुलखातून तिथे गेलेले चेट्टिनाडचे चेट्टियार हे सावकारीतले जाणते लोक. पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त, चोख हिशेब, आणि इरावतीच्या खोऱ्यातली भातशेती तारण. 1930 च्या जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले, कर्जं थकली आणि तारण जमिनी त्यांच्या नावावर चढल्या. 1930 मध्ये दक्षिण ब्रह्मदेशातल्या भातजमिनीपैकी साधारण सहा टक्के त्यांच्याकडे होती, ते प्रमाण दशक संपण्याआधी पंचवीस टक्क्यांच्या घरात गेलं. वहीत ही वसुली होती. पण ज्यांना शेती करायची नव्हती त्यांच्या हाती शेती आली, घेणारा कोणी नव्हता, आणि आपलीच जमीन कसणारं कूळ झालेला शेतकरी त्यांच्याकडे शत्रू म्हणून बघू लागला. पुढे जपानी आक्रमण झालं, अनेकांना पळून यावं लागलं आणि 1948 मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाने जमिनींच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. तारण हातात आलं की आपण सुटलो, असं वाटतं. खरं तर तारण जप्त करायची वेळ येते तेव्हा आपला अंदाज चुकल्याचा निकाल लागलेला असतो. ते असावं, पण कर्ज मंजूर करताना ते नाहीच असं समजून निर्णय घ्यावा.

आता वाढीचं गणित बघ. निधीचं व्याज, पगार, भाडं वजा जाऊन शंभर रुपयांवर वर्षाला तीन रुपये सुटतात असं धर. एक लाखाचं एक कर्ज पूर्ण बुडालं तर ते भरून काढायला तेवढीच तेहेतीस-चौतीस कर्जं वर्षभर बिनचूक चालावी लागतात. पण हे नुकसान वाढीच्या काळात दिसत नाही. शंभर कोटींच्या येण्यात चार कोटी बुडीत असतील तर प्रमाण चार टक्के. पुढच्या वर्षी येणं दोनशे कोटी केलं की तेच प्रमाण दोन टक्के. नव्या कर्जांना अजून थकायला सवड मिळालेली नसते, आणि नव्वद दिवस थकल्याशिवाय नियमाने ती अनुत्पादित म्हणायची नसतात. धावताना ताप कळत नाही, थांबल्यावर कळतो. आंध्र प्रदेशात 2010 मध्ये हेच झालं. एकाच बाईला चार-चार मायक्रोफायनान्स संस्थांनी कर्ज दिलं; एकीचा हप्ता दुसरीच्या पैशांतून भरला जात होता आणि सगळ्यांचीच वसुली जवळजवळ शंभर टक्के दिसत होती. वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्या, ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने वसुलीला आळा घालणारा वटहुकूम काढला आणि तिथली वसुली दहा टक्क्यांच्या आसपास कोसळली. कुटुंबाचे सगळे मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत, हा मायक्रोफायनान्ससाठीचा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम त्या अनुभवानंतरचा आहे. तुला तो लागू होवो न होवो, तू तो पाळ.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला माहीत आहे. आम्ही सावकाश गेलो तर बाजार दुसरे घेतील, आणि गुंतवणूकदार विचारतील की वाढ कुठे आहे. दुसरे घेतील हे खरं. पण काय घेतील ते बघ. तू नाकारलेलं गिऱ्हाईक त्यांच्याकडे जाईल, आणि तुझं नाकारणं बरोबर असेल तर त्यांनी घेतलं ते तुझ्यावर येणारं नुकसान. शिवाय तूही कुणाची तरी कर्जदार असणार. 2018 मध्ये पायाभूत सुविधांना कर्ज देणाऱ्या एका मोठ्या वित्तसमूहाने देणी थकवली आणि आखडत्या बाजारात अनेक वित्तसंस्थांचा श्वास कोंडला, कारण थोड्या मुदतीचा पैसा घेऊन लांब मुदतीची कर्जं द्यायची सवय लागली होती. अशा महिन्यात वाटपाचे आकडे कोणी विचारत नाही. तुझे हप्ते वेळेवर येतात का, एवढंच विचारतात. सावकाश वाढण्याचा मोबदला त्या महिन्यात मिळतो. असा महिना साधारण दर दशकात एकदा तरी येतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येईल. एवढी कर्जदाराची काळजी करायची तर धर्मादाय संस्था काढावी. छे, तसं मुळीच नाही. पन्नास हजारांच्या कर्जाला पन्नास लाखांच्या कर्जापेक्षा कागद आणि खेपा काही त्या प्रमाणात कमी लागत नाहीत, त्यामुळे लहान कर्जाचं व्याज चढं असणारच. त्यात लाज नाही. लाज लपवण्यात आहे. एक लाख रुपये ‘बारा टक्के फ्लॅट’ने वर्षाच्या बारा हप्त्यांवर दिले तर माणूस एक लाख बारा हजार फेडतो, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असल्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. साडेएकवीस लागत असतील तर साडेएकवीसच सांग. आपल्या जुन्या हिंदू कायद्यातला दामदुपटीचा नियम, की एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करू नये, हा दयेपेक्षा शहाणपणाचा होता. त्या हद्दीपलीकडचं व्याज वहीतच फुगत राहतं. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली अशी कथा आहे. तो संताचा मार्ग. तुला खतं बुडवायची नाहीत, बुडणार नाहीत अशी लिहायची आहेत.

आता प्रमुख म्हणून काय करावं. माणसं भाषणाने वागत नाहीत, पगाराच्या हिशेबाने वागतात. वाटपावर बक्षीस ठेवलंस तर तुझा प्रत्येक अधिकारी विक्रेता होईल. म्हणून बक्षिसाचा मोठा हिस्सा त्या कर्जाची परतफेड होईपर्यंत राखून ठेव. कर्ज नाकारणारा अधिकारी विक्रीप्रमुखाच्या हाताखाली नको, थेट तुझ्या हाताखाली हवा. नाहीतर त्याचा नकार आठवडाभरात मऊ होईल. संगणकाने पत मोजली तर वेळ वाचेल, जरूर मोज. पण जो डेटा फक्त तेजीत गोळा झाला, त्याला मंदी माहीत नसते. आणि वसुलीला जाणारा माणूस हाच गिऱ्हाइकाच्या दारात तुझा चेहरा आहे, त्याची निवड तू स्वतः कर. तो थकबाकीची बातमी घेऊन आला आणि तू त्याच्यावर डाफरलीस, तर पुढच्या महिन्यापासून बातमी यायची थांबेल. थकबाकी थांबणार नाही.

तेव्हा आराखड्यातला तो तक्ता पुन्हा कर. वाटपाच्या रकान्याआधी दुसरा रकाना घाल : तीन वर्षांपूर्वी कर्ज घेतलेल्यांपैकी किती जणांचा धंदा आज चालू आहे. पहिली तीन वर्षं तो रिकामाच राहील, आणि गुंतवणूकदार त्याबद्दल विचारतीलही. विचारू दे. तो भरेपर्यंत आपल्याला हा धंदा येतो असं कुणाला सांगू नकोस.

तुझा,
मामा