इंदूर ते पुणे : अंतर किती, वेळ किती?

विद्यार्थी मित्रांनो, “पुणे इंदूरहून किती लांब?” या प्रश्नाची तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. सरळ रेषेत सुमारे ५१० किलोमीटर, रस्त्याने सुमारे ६०० आणि रेल्वेने सुमारे ९७०!

पहिले उत्तर घरबसल्या पडताळता येते. इंदूर २२.७ अक्षांशावर, पुणे १८.५ वर, फरक ४.२ अंश. एका अंशाचे सुमारे १११ किलोमीटर धरले, तर पुणे ४६६ किलोमीटर दक्षिणेला येते. शिवाय ते सुमारे २०७ किलोमीटर पश्चिमेलाही आहे. पुढचे काम पायथागोरसचे. दहावीच्या मुलांनी कर्ण काढून पाहावा.

बस आग्रा-मुंबई रस्त्याने विंध्य उतरते, खलघाटला नर्मदा, बिजासन घाटात सातपुडा आणि शिरपूरजवळ तापी ओलांडून धुळे-मालेगावकडे जाते. साधारण १२ तास, म्हणजे सरासरी वेग ताशी ५०. रेल्वेला साधारण १७ तास लागतात, पण तिचा सरासरी वेग येतो ताशी ५७. गाडी बसपेक्षा वेगाने धावते आणि तरी पाच तास उशिरा पोचते! कारण जायचे दक्षिणेला, तरी ती आधी रतलाम गाठते; मग बडोदे, सुरत, वसई, कल्याण अशी प्रदक्षिणा घालते.

असे का? दक्षिणेकडे थेट रूळ नाहीत. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि खंडवा-इंदूर मार्ग झाला. पण तो मीटर गेज. मुंबईकडे जाणाऱ्यांना खंडव्याला बोचकी-ट्रंकांसह उतरून मोठ्या गाडीत बसावे लागे. आजी-आजोबांना विचारा, खंडव्याचा फलाट पुष्कळांच्या आठवणीत असेल. रुंदीकरणासाठी महू ते ओंकारेश्वर रोड हा भाग २०२३ मध्ये बंद झाला.

आता दुसरी वाट होऊ घातली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ३०९ किलोमीटरच्या इंदूर-मनमाड मार्गाला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज १८,०३६ कोटी रुपये, उद्दिष्ट २०२८-२९. मनमाडहून दौंडमार्गे पुणे सुमारे ३१२ किलोमीटर. बेरीज ६२१, म्हणजे जवळजवळ रस्त्याइतकीच.

आपल्यापैकी किती घरांतली लग्ने, दुखणी, बाळंतपणे पुण्याशी बांधलेली आहेत! गुडघे दुखणाऱ्या आजीला रात्रभर बसमध्ये बसवणे किंवा घाईत विमानाचे तिकीट काढणे सर्वांना जमत नाही. म्हणून हा हिशोब निव्वळ भूगोलाचा नाही.

गृहपाठ : नव्या मार्गावरही ताशी ५७ हाच वेग राहिला, तर किती वेळ लागेल? नकाशावर दोन्ही रेल्वेमार्गांवरून दोरा फिरवून लांबीही मोजा आणि उत्तर भूगोलाच्या वहीत लिहा.