माल्टातील मेलीहा

मुलांनो, चला, आज आपण माल्टा देशाची सफर करू. भूमध्य समुद्रात, सिसिलीच्या दक्षिणेला हा लहानसा बेटांचा देश आहे. त्याच्या मुख्य बेटाच्या उत्तरेस टेकडीवर मेलीहा हे टुमदार गाव वसले आहे.

गावाखाली आदीरा नावाची लांबच लांब पुळण आहे. येथे समुद्र दूरपर्यंत उथळ आहे. पलीकडच्या डोंगरावर 1649 साली बांधून पूर्ण झालेला तांबडा बुरूज दिसतो.

भूक लागली? मग 'होब्झ बिझ्झेत' खाऊन पाहा. पावावर टोमॅटो चोळून त्यावर ऑलिव्हचे तेल घालतात. 'झेत' म्हणजे तेल. तुम्हांला जैतून आठवले ना? माल्टी भाषा अरबीतून निघाली. पण ती रोमन लिपीत लिहितात. तेथे पुस्तकाला 'क्तीब', सूर्याला 'शेम्श' आणि समुद्राला 'बहार' म्हणतात. तुमच्या उर्दूतील किताब, शम्स आणि बहर यांचेच हे भाऊबंद! मेलीहा हे नावही मिठावरूनच पडले.

चोहीकडे पाणी असूनही या देशात बारमाही नदी नाही. समुद्राच्या पाण्यातील मीठ काढून पिण्याचे बरेचसे पाणी मिळवतात. त्यासाठी पुष्कळ वीज लागते. उन्हाळ्यात पाऊस नसतो आणि नेमकी तेव्हाच प्रवाशांची गर्दी होते. म्हणून तेथे कधी गेलात, तर नळ वाहता ठेवू नका. यजमानाचे पाणी जपणे हे पाहुण्याचे कर्तव्यच आहे.

शब्दार्थ : टुमदार – लहान व सुंदर, पुळण – समुद्रकाठची वाळू, बारमाही – वर्षभर वाहणारी.

प्रश्न : माल्टात पाणी जपून का वापरावे?